राष्ट्राध्यक्षांच्या बोटीवरचा संडास

११ फेब्रुवारी

ओटिस म्हणतो, "विक, मनात येईल ते तोंडाने बोलत राहिलीस तर एक दिवस नोकरी जाईल. घरी जाऊन लिहून काढ." म्हणून ही वही. त्याचं मी सहसा ऐकत नाही. आज ऐकते आहे, कारण आज अजून पाच मिनिटं तिथे थांबले असते तर व्हार्निशचा ब्रश त्या बाईंच्या पांढऱ्या कोटावर गेला असता.

बाई म्हणजे मिसेस हॅलोवेल. 'कॉर्डेलिया'च्या जीर्णोद्धारासाठी जो ट्रस्ट झालाय त्याच्या अध्यक्षा. कॉर्डेलिया एके काळी राष्ट्राध्यक्षांची बोट होती. ते तिच्यातून पोटोमॅक नदीवर फिरायला जायचे, परदेशच्या पंतप्रधानांना खेकडे खाऊ घालायचे, पत्ते खेळायचे. मग एका राष्ट्राध्यक्षांना हा थाट नकोसा झाला आणि सरकारने ती विकून टाकली. कुणी तिच्यात हॉटेल काढलं, कुणी लग्नं लावली, आणि शेवटी ती कुठल्याशा खाडीच्या गाळात जाऊन बसली. गेल्या पानगळीपासून ती आमच्या कारखान्याच्या शेडमध्ये आहे. ओटिस आमचा मुकादम. तो आणि त्याची माणसं कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवतात. माझं काम व्हार्निशचं. सलूनच्या, म्हणजे बोटीवरच्या दिवाणखान्याच्या, महोगनीवर हात मारते, सुकू देते, घासते, परत हात मारते.

आज बाई नकाशे घेऊन आल्या. बोटीच्या पुढच्या टोकाला, जिथे दोन्ही बाजू एकमेकींना भेटतात, तिथे एक त्रिकोणी खोली आहे. भिंतींना लागून दोन मजली फळकुटं, झोपायला. ती सगळी उखडून तिथे पाहुण्यांसाठी संडास काढायचा म्हणे. वॉशबेसिन, आरसा, गुलाबी दिवा.

मी म्हणाले, "तिथे माणसं झोपायची."

बाई हसल्या. "हो, नोकरवर्ग. पण तिथे बघण्यासारखं काही उरलेलं नाहीये, मारिविक."

"माझे वडील झोपायचे तिथे. आठ वर्षं."

"किती छान. राष्ट्राध्यक्षांबरोबरचे फोटो असतील त्यांचे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझे वडील नौदलात स्ट्युअर्ड होते. त्या काळी फिलिपिन्सच्या पोराला अमेरिकेच्या नौदलात दुसरं काही होताच येत नसे. पांढरं जॅकेट चढवा, ताटं वाढा, चादरी बदला, बूट चमकवा. साहेबलोक त्यांना सॅम म्हणत. त्यांच्याबरोबरच्या दुसऱ्यालाही सॅमच म्हणत. फोटो कसले काढणार? फोटोत यायचं नाही हीच तर त्यांची नोकरी होती.

ओटिसने मला दंडाला धरून बाहेर नेलं.

१२ फेब्रुवारी

जेवताना तातायना, म्हणजे वडिलांना, सांगितलं. मासा फोडता फोडता ते थांबले.

"संडास? पुढे? आमच्या खोलीत?"

"हो. तुमच्या खोलीत."

ते हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, मग खोकले, मग चिंचेचं सार वाटीत आणखी ओतून घेतलं. "चांगलं आहे की," म्हणाले.

मी चमचा खाली ठेवला. "ताताय, तुमच्या उशाशी लोक हगणार आहेत आणि तुम्ही हसताय."

"अनाक, जेव. सार गार होतंय."

अनाक म्हणजे बाळ. मी चोपन्न वर्षांची आहे. कुठलंही अवघड बोलणं निघालं की मी त्यांची बाळ होते. ह्या माणसाच्या पाठीला कणा आहे की नाही असा प्रश्न मला आज पडला आणि तो पडला म्हणून स्वतःचाही राग आला.

१७ फेब्रुवारी

सुट्टी. घर साफ केलं. ऑक्सन हिलमधलं आमचं घर ते केवढं, आणि त्यात संडास तीन. दोन माणसांना तीन. घर वाढवायला घेतलं तेव्हा आईला मोठं स्वयंपाकघर हवं होतं. तातायनी तिच्याशी आयुष्यातलं एकमेव भांडण केलं आणि संडास वाढवले. आई मरेपर्यंत आल्यागेल्याला ते ऐकवत होती. आता ती सुटली आणि घासायचं माझ्या गळ्यात आलं.

कुठे लग्नाला गेलं तरी त्यांचं हेच. आधी संडास कुठे ते विचारणार, मग नवरी कुठे ते. बाहेर जायचं असेल त्या दिवशी सकाळपासून पाणी नाही, कॉफी नाही. डॉक्टरने किती वेळा सांगितलं, मूत्रपिंडं सुकतील. ऐकतील तर शपथ.

२६ फेब्रुवारी

दुपारच्या सुट्टीत पुढच्या खोलीत जाऊन वरच्या फळकुटावर आडवी झाले. मी काही उंच नाही, तरी पाय दुमडावे लागले. डोक्यावर डेक इतका जवळ की कूस बदलायची तर खांदा घासतो. वरून पाणी ठिबकल्याचे काळे डाग. सलूनमध्ये मी महोगनीवर दहा हात देणार, आणि इथे कधी साधं तेलही लागलं नव्हतं.

खाली कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक लोखंडी कडी आहे. ओटिसला विचारलं.

"कंदिलाची असेल."

"कंदील इतक्या खाली कोण टांगतं?"

"बुटका माणूस," ओटिस म्हणाला आणि सँडविच खायला निघून गेला. हा चेसापीक खाडीतल्या बेटावर वाढलेला. दिवसाला दहा वाक्यं बोलतो, त्यातली नऊ असली.

संध्याकाळी तातायना विचारलं. ते म्हणाले, "बोट हलते ना. बांधून ठेवावं लागतं."

"काय बांधून ठेवावं लागतं?"

"सगळंच," म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

विसरायला लागलेत बहुतेक. म्हणजे आता घाई करायला हवी. ते आहेत तोवर ती खोली वाचली पाहिजे.

८ मार्च

पेपरात पत्र छापून आलं. चर्चच्या मंडळातल्या बायकांनी सह्या दिल्या, पण लिहिलं मीच. लिहिलं की, राष्ट्राध्यक्षांचा पलंग, राष्ट्राध्यक्षांची खुर्ची, राष्ट्राध्यक्षांची राखदाणी, सगळं जपताय. आणि ज्यांनी ती राखदाणी रोज धुतली त्यांची झोपायची जागा संडासात घालताय. माझ्या वडिलांनी त्या खोलीत अभिमानाने दिवस काढले, असंही लिहिलं.

तातायनी चष्मा लावून दोनदा वाचलं. कात्री आणून नीट कापलं आणि घडी करून पाकिटात ठेवलं. मला बरं वाटलं.

मग म्हणाले, "छान लिहिलंयस. पण अभिमानाने असं लिहिलंयस."

"मग? नव्हता?"

त्यांनी जरा विचार केला. "तरुण होतो," म्हणाले. आणि उठून गेले, नेहमीच्या ठिकाणी.

मी त्यांच्यासाठी साऱ्या गावाशी वैर घेते आहे, आणि हे मला शब्द सुधारून देतात.

१५ मार्च

हवा कोरडी. सलूनमध्ये सातवा हात. जमिनीवर पाणी शिंपडलं, धूळ बसवली, दार लावून घेतलं. आत कुणाला येऊ दिलं नाही. मिसेस हॅलोवेल काचेतून बघून गेल्या. त्यांना बघू दिलं.

२९ मार्च

ट्रस्टच्या सभेत मला दहा मिनिटं दिली. मी जास्त घेतली. आवाज चढला, मेजावर हात आपटला, एका दात्याचं पाणी सांडलं. मी म्हणाले, तुम्हाला ही बोट पाहिजे का निम्मी बोट पाहिजे? निम्मी पाहिजे असेल तर करवत आणा, ओटिस आहेच.

बोलून मी खाली बसले. मिसेस हॅलोवेलनी चष्मा काढून डोळे पुसले. खरंच पुसले. म्हणाल्या, "आम्हाला दिसलंच नाही. लाज वाटते." आणि ठराव झाला. पुढची खोली आहे तशी राहणार. फळकुटं राहणार. कडीसुद्धा राहणार, शेजारी पाटी लावून: स्ट्युअर्डांच्या कंदिलाची कडी. संडासाचा बेत रद्द. बोटीत दुसरीकडे जागा नाही, मागे इंजिनापाशी होता तो केव्हाच काढून टाकलाय, तेव्हा पाहुण्यांनी धक्क्यावरचा वापरावा. राष्ट्राध्यक्षांच्या केबिनमधला आहे तो फक्त बघायचा.

आणि पहिल्या फेरीला मानाचे पाहुणे म्हणून ॲन्सेल्मो बांतुग. माझे वडील.

गाडीत मी मोठमोठ्याने गात घरी आले. तातायना सगळं सांगितलं, मेजावर हात कसा आपटला तेही करून दाखवलं. ते माझ्याकडे बघत राहिले. इतकं टक लावून त्यांनी माझ्याकडे कधी बघितलेलं मला आठवत नाही.

"म्हणजे," शेवटी म्हणाले, "बोटीवर संडास नसणार."

"ताताय, एवढंच विचारायचंय तुम्हाला?"

"फेरी केवढी आहे?"

"माउंट व्हर्ननपर्यंत आणि परत. दुपारभर."

"बरं," म्हणाले.

मी माझ्या खोलीत आले आणि दार आपटलं.

४ मे

कॉर्डेलिया पाण्यात उतरली. पहिल्या दिवशी चाळणीसारखी गळली. ओटिस म्हणतो, गळू दे, लाकूड फुगलं की फटी आपोआप मिटतील. तोवर पंप चालू. उतरवण्याआधी शेवटची फळी बसवली तेव्हा रीतीप्रमाणे व्हिस्कीची बाटली फिरली. ओटिसने पहिला घोट फळीला पाजला, दुसरा मला.

तातायनी नवा सूट शिवून घेतलाय. निळा. पांढरं जॅकेट नको असं शिंप्याला तीनदा सांगितलं म्हणे. मला हसू आलं. पांढरं कुणी मागितलं होतं?

२० मे

काल पहिल्या फेरीला जे झालं ते आज लिहिते आहे. काल लिहिणं शक्य नव्हतं.

सकाळपासून तातायनी पाण्याचा थेंब घेतला नाही. घरून निघताना एकदा जाऊन आले, धक्क्यावर पोचल्यावर पुन्हा. मी चिडले, म्हणाले लोक खोळंबलेत. मिसेस हॅलोवेलनी त्यांच्या कोटाला फूल लावलं आणि शॅम्पेनचा ग्लास हातात दिला. तातायनी तो ओठाला लावल्यासारखा केला आणि हळूच नदीत ओतला. मी पाहिलं. मला वाटलं, बुजलेत.

माउंट व्हर्ननसमोर इंजिन मंद केलं, घंटा वाजवली. तिथे पहिल्या राष्ट्राध्यक्षांची समाधी आहे, तिथून जाताना बोटीवरच्या सगळ्यांनी ताठ उभं राहायचं ही नौदलाची रीत. दाते उभे राहिले. ताताय त्या सगळ्यांत ताठ, गुडघे एकमेकांना चिकटवून. मला भरून आलं.

मग मिसेस हॅलोवेल सगळ्यांना पुढच्या खोलीपाशी घेऊन आल्या. मखमली दोर लावून ठेवलाय दाराला, आत जायचं नाही. भाषण झालं. मग तातायना विचारलं, तुमचं फळकुट कोणतं? त्यांनी बोट दाखवलं. टाळ्या. एका बाईने विचारलं, राष्ट्राध्यक्ष अंडी कशी खायचे? दुसऱ्याने विचारलं, ते तुम्हाला नावाने हाक मारायचे का? ताताय हसत होते, पण चेहरा राखेसारखा झाला होता आणि कपाळावर घाम. डोळ्यांच्या कडा ओल्या. मला वाटलं, आठवणी दाटून आल्या. मी त्यांचा हात धरला आणि मलाही रडू आलं. मी इतकी मूर्ख आहे.

त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "अनाक, मला जायचंय."

"कुठे?"

"जायचंय."

धक्का अजून तासाभरावर होता. मी मिसेस हॅलोवेलना शोधायला वळले. तेवढ्यात ताताय निघाले. सलूनच्या दारापाशी मेजावर वेटरांनी ठेवलेला रिकामा ट्रे होता. तो त्यांनी उचलला. डाव्या हातावर, बोटं पसरून, खांद्याच्या उंचीला. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, पण ट्रे जराही हलला नाही. आणि ट्रे घेऊन ते सलूनमध्ये शिरले.

मला वाटलं, संपलं, ह्यांचं डोकं गेलं.

सलून दात्यांनी भरलेलं. माझी महोगनी आरशासारखी चमकत होती. आणि मी बघत होते: एका माणसाने बोलणं न थांबवता आपला ग्लास त्या ट्रेवर ठेवला. मग एका बाईने. मग आणखी एकाने, खेकड्याचं कवच असलेली बशी. पाच मिनिटांपूर्वी ह्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. कोटाला फूल होतं. निळा सूट होता. कुणी मान वर करून चेहरा बघितला नाही. ताताय प्रत्येकापाशी थांबत होते, किंचित वाकत होते, ट्रे जड होत होता, आणि सलून अर्धं राहिलं असताना ते थबकले आणि परत फिरायला लागले.

मी धावले. ट्रे त्यांच्या हातातून घेतला. समोर मिसेस हॅलोवेल होत्या. तो त्यांच्या हातात दिला. दोन ग्लास पडले. त्यांनी बिचाऱ्यांनी धरला, दुसरं काय करणार.

"त्यांना संडासाला जायचंय," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

"पण मारिविक, तो जोडलेला नाहीये. नुसता दाखवायला आहे. सगळं खाली बोटीच्या तळात जाईल."

मागून ओटिसचा आवाज आला. "तळाला पंप आहे. जाऊ द्या."

राष्ट्राध्यक्षांच्या केबिनसमोरचा दोर मी काढला. तातायना आत सोडलं, दार लावलं, आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. दात्यांपैकी कुणाला काही म्हणायचं असेल तर म्हणू दे अशी. कुणी म्हणालं नाही. त्यांनी हवा तेवढा वेळ घेतला. नंतर नळाचा आवाज येत राहिला, मग बंद झाला, तरी ते बाहेर येईनात. दार किलकिलं करून पाहिलं तर रुमालाने बेसिन पुसत होते. पितळेच्या नळावर एक थेंब राहिला होता, तो पुसला, आणि मग बाहेर आले.

घरी येताना गाडीत त्यांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

"पाहुणे असले की रिकाम्या हाताने सलूनमधून जायचं नाही, असा कप्तानाचा हुकूम. खलाशांचा संडास तेव्हा मागे, इंजिनापाशी. बाहेरून जावं तर पाहुण्यांच्या खुर्च्या. मग आम्ही ट्रे घेऊन निघायचो. पण ट्रे दिसला की लोक ग्लास ठेवतात. भरलेला ट्रे घेऊन मागे जाऊन काय करणार? परत फिरायचं, पँट्रीत रिकामा करायचा, पुन्हा निघायचं. पुन्हा भरायचा."

"आणि मग?"

"मग खोलीत बादली. कडीला बांधलेली. पण पुढे बोट फार हलते, अनाक. सांडायचं. त्यातच झोपायचं."

मला गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली. मी म्हणाले, ते तिथे संडास बांधणार होते. नेमका तिथे. मीच बंद पाडला. मीच. तुम्ही एका शब्दाने सांगितलं असतं तर.

"सांगणार होतो. पहिल्याच दिवशी."

"मग का नाही सांगितलं?"

ते खिडकीबाहेर बघत होते. "तू इतक्या रागाने भांडत होतीस," म्हणाले. "माझ्यासाठी कुणी कधी भांडलं नव्हतं. मला वाटलं, आणखी थोडं ऐकू."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडले. ते मला थोपटत राहिले, आणि थोड्या वेळाने अगदी हळू म्हणाले की पुढच्या चौकात पेट्रोलपंप आहे, तिथला संडास स्वच्छ असतो.

२१ मे

मिसेस हॅलोवेलना फोन केला. मी म्हणाले, सभा बोलवा. पुढच्या खोलीत संडास हवा. बेसिन, आरसा, गुलाबी दिवा, सगळं. आणि ती कंदिलाची पाटी काढा, तिथे काय लिहायचं ते माझे वडील सांगतील.

त्या म्हणाल्या, पण मार्चमध्ये तुम्हीच तर मेजावर हात आपटून…

मी म्हणाले, परत आपटीन.

ताताय शेजारी बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, या वेळी मीही येतो, मला पहिल्या रांगेत जागा बघ. आणि उठून त्यांनी माठाएवढा मोठा ग्लास भरून पाणी आणलं, आणि माझ्यासमोर सगळं प्यायले.